कांदाटी, सोळशी आणि पाण्याखालचा संगम: नदीचं नाव नेमकं विचारायचं कुणाला?

सांगलीच्या एका पोराने विचारलंय. तो आणि त्याचे मित्र बामणोलीला गेले, बोटीचं तिकीट काढलं, बोटवाल्याने दत्त मंदिर दाखवलं आणि मग पाण्याच्या मधोमध इंजिन बारीक करून हात फिरवत म्हणाला, हा त्रिवेणी संगम, कोयना, सोळशी आणि कांदाटी. ह्यांना चारी बाजूला एकच पाणी दिसलं. घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर सोळशी निघाली कोरेगाव तालुक्यात, आणि कांदाटी कुठं कंदाती, कुठं खांडाटी अशी तीन-चार तऱ्हेनं लिहिलेली. त्याचा प्रश्न असा, "काका, ह्या नद्या खरंच आहेत का बोटवाल्यांनी पॉइंट वाढवायला काढल्यात? असल्या तर कुठली कुठं, नावं कशी पडली, आणि लिहायचं बरोबर कसं?"

नद्या खऱ्या आहेत बाबा. बोटवाला खोटं बोलला नाही, फक्त त्याने जिथं हात केला तिथं संगम बघायचा असेल तर आधी धरण रिकामं करावं लागेल. मी पाटबंधाऱ्याच्या सर्व्हेत तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीच ह्याच खोऱ्यात पायी, लाँचमधून आणि कधी कधी तराफ्यावर जीप चढवून, त्यामुळं जरा लांबण लागलं तरी चालवून घ्या, कारण हा विषय निघाला की आमच्या घरातले लोक उठून आत जातात.

आधी डोळ्यासमोर नकाशा आणा. महाबळेश्वरचं पठार घ्या. वर जांभ्याची टोपी आहे, भोकाभोकाचा दगड, पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तो सगळा त्या जांभ्यात मुरतो आणि खाली चिकट मातीचा थर आणि त्याखाली काळा कातळ लागला की अडतो, मग पठाराच्या कडेकडेनं झरे फुटतात. पंचगंगेच्या देवळात पाच नद्या एका गोमुखातून येतात त्यामागचं गणित हे एवढंच आहे, श्रद्धा आपल्या जागी. त्यातली कृष्णा पूर्वेला वाईकडं उतरते, वेण्णा साताऱ्याकडं, सावित्री सरळ कोकणात उडी मारते, आणि कोयना पठाराच्या पश्चिम अंगाने खाली येते ती प्रतापगड आणि महाबळेश्वर ह्यांच्या मधल्या दरीत. पार गावाजवळ शिवकाळातला दगडी पूल आहे बघा, तो ह्याच कोयनेवर. जावळीचं खोरं म्हणतो ते हेच.

आता गंमत इथं सुरू होते. आपल्याकडं घाटमाथ्यावर उगवलेली नदी साधारण पूर्वेला पळते, उताराच्या दिशेने. कोयना तसं करत नाही. ती सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडं, साठ-पासष्ट किलोमीटर सरळ येते आणि हेळवाकला एकदम काटकोनात वळून पाटण, कऱ्हाडकडं जाते. कातळातल्या उत्तर-दक्षिण भेगांनी तिला वाट दिली असं भूशास्त्रवाले सांगतात, आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी आमच्या पाटण तालुक्यात काढलीय त्यांना ह्या जमिनीखाली भेगा आहेत हे वेगळं पटवायला नको. मी लहान होतो, आईने उचलून अंगणात आणलं एवढंच आठवतंय, आणि गोठ्यातली गुरं ओरडत होती.

तर कोयना अशी दक्षिणेला येत असताना तिच्या उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, अजून एक मुलूख उरतो. कोयना आणि कोकणचा कडा ह्यांच्या मधला. मकरंदगड, पर्वत, चकदेव, महिमंडणगड हे सगळे डोंगर त्या पट्ट्यात. तिथं पडलेलं पाणी कोकणात जात नाही, कडा हातभर लांब असला तरी नाही, ते पूर्वेला उतरून कोयनेला मिळतं, आणि ते आणणारी मोठी नदी म्हणजे कांदाटी. सोळशी आपल्या वेगळ्या दरीतून येते. तापोळा ते बामणोली ह्या टप्प्यात दोघी कोयनेला येऊन मिळायच्या. मिळायच्या म्हणतोय, कारण देशमुखवाडीला धरण झालं, साठच्या दशकात पाणी अडलं आणि धरणाचा जलाशय, शिवसागर, मागं पन्नासेक किलोमीटर फुगत गेला. आज धरणात १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी मावतं. तो संगम, त्याच्या काठची शेतं, जुनी बामणोली, सगळं त्या १०५ मध्ये आलं.

म्हणजे बोटीतून जे दिसतं ते तळं नसून तीन बुडालेल्या दऱ्या आहेत. मोबाईलवर सॅटेलाइटचं चित्र लावा आणि शिवसागर जरा लांबून बघा, हाताच्या बोटांसारखे फाटे आत गेलेले दिसतील. प्रत्येक फाटा म्हणजे एक नदी. फाट्याच्या दोन्ही काठांच्या मधोमध रेघ ओढत आलात की जिथं रेघा जुळतात तिथं आसपास जुना संगम. आसपास म्हणतोय कारण नदी दरीच्या बरोबर मध्यातून कधीच वाहत नाही, कुठल्या तरी एका डोंगराच्या पायाला चिकटून जाते.

मला तो संगम एकदा 'दिसलाय'. गाळ मोजायच्या कामावर होतो, बोटीला इको साउंडर, म्हणजे आवाजाने पाण्याची खोली मोजणारं मशीन लावलेलं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जायचं आणि ठरावीक अंतरावर खोली लिहायची, दिवसभर तेच. डोकं भणभणतं त्या इंजिनच्या आवाजाने. मी आकडे ओरडतोय, पोरगा वहीत लिहितोय, बारा, चौदा, पंधरा, पंधरा, पंधरा, म्हणजे खाली सपाट आहे, कुणाची तरी भाताची खाचरं असणार, आणि मग एकदम एकोणीस, तेवीस, सव्वीस, आणि परत वीस, पंधरा. ती नदी. पुढं थोड्या अंतरावर परत तसाच खड्डा, जरा उथळ. ती दुसरी. पुढच्या फेरीला दोन्ही खड्डे जवळ आले, त्याच्या पुढच्या फेरीला एकच राहिला, रुंद आणि खोल. बोट चालवणारा म्हातारा तिथल्याच बुडालेल्या गावातला, तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मशीन कशाला लागतंय सायेब, त्यो समोरचा सोंडा आन् ह्यो माळ एका रेषेत आला की खाली डोह हाय, आमी म्हशी धुवायचो." मी रेषेत बघितलं. बरोबर होता. आमच्या भाड्याच्या मशीनने जे दीड तासात सांगितलं ते त्याने मान न वळवता सांगितलं.

आता नावांकडं येतो, खरा प्रश्न तोच आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या नद्यांची नावं एकदा ओळीने म्हणून बघा. कुडाळ गाव, नदी कुडाळी. तारळे गाव, नदी तारळी. कांदाट गाव, नदी कांदाटी. गावाला ई लावली की नदी तयार. मोठ्या नद्यांना पुराण असतं, उगमाला देऊळ असतं, उत्सव असतो. छोटीला तसलं काही नसतं, तिला नाव द्यायची गरज पडते ती फक्त बाहेरच्या माणसाला. काठावरच्या बाईला विचारा कुठं निघालीस, ती "नदीवर" म्हणेल, कांदाटीवर म्हणणार नाही, कारण तिच्यापुरती जगात एकच नदी आहे. दोन खोरी ओलांडून आलेला बैलवाला, मिठाचा व्यापारी, पाहुणा, त्याला मात्र सांगावं लागतं की कुठली नदी ओलांडून आलास, मग तो म्हणतो कांदाटची, आणि कांदाटची म्हणता म्हणता कांदाटी होते. हे माझं मत आहे, कागद दाखवा म्हणाल तर कागद नाही माझ्याकडं, पण एवढ्या जोड्या एका साच्यातल्या निघाल्या की योगायोग म्हणवत नाही.

सोळशीचं नाव नेमकं कशावरून पडलं ते मला ठाऊक नाही. पण घोळ असा की कांदाटीकडच्या मुलखात सालोशी नावाचं गाव आहे. सालोशी आणि सोळशी मोठ्याने चार वेळा म्हणून बघा, कुठला शब्द कुठं संपतो कळत नाही. आणि अजून एक घोळ लक्षात घ्या, त्या पश्चिमेकडच्या सगळ्या पंधरा-सोळा गावांच्या मुलखालाच लोक कांदाटी खोरं म्हणतात, सालोशी त्यातच धरतात. म्हणजे खोऱ्याचं नाव नदीपेक्षा मोठं झालंय. तुम्ही 'कांदाटी' असा शोध घेतला आणि नदीपासून लांबचं एखादं गाव सापडलं तर चूक तुमची नाही आणि गावाचीही नाही.

कोरेगावची सोळशी मात्र पूर्ण वेगळी. ते गाव आहे, कोरेगाव तालुक्याच्या उत्तरेला डोंगरात, आणि त्या भागातून निघते ती वसना नदी, जी पुढं कृष्णेला मिळते. म्हणजे बघा, सोळशी गावातून निघणारी नदी वसना, आणि सोळशी नावाची नदी तिथून दोन-तीन खोरी पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यात. मोबाईलला हे कळत नाही, त्याला जे आधी सापडलं ते तो दाखवतो.

गावांच्या बाबतीत असला घोळ जुन्या लोकांनी निस्तरून ठेवलाय. बामणोलीच घ्या. तुम्ही गेलात ती कसबे बामणोली, आणि त्याच जावळी तालुक्यात दुसरी आहे बामणोली तर्फ कुडाळ. तसंच दरे तर्फ तांब. हे 'तर्फ' म्हणजे जुन्या महसुलातला गट, सारा कुठल्या तर्फेत भरायचा ते कळावं म्हणून नावाला शेपूट. नदीवर सारा नव्हता, म्हणून तिला तर्फ मिळाली नाही, आणि एकाच नावाच्या नद्या तशाच मोकाट राहिल्या.

ह्याचा त्रास मला जन्मापासून आहे. मी पाटणचा, मोरणाकाठचा. मोरणा म्हणजे कोयनेला मिळणारी, मोरणा-गुरेघर धरण आहे ती. नोकरीत बदली झाली शिराळ्याला, पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं पाव्हणं कुठलं, मी म्हटलं मोरणाकाठचा, तो खूश, म्हणाला म्हणजे आपलंच की, कुठलं गाव? कारण शिराळ्याला पण मोरणाच आहे, ती वारणेला मिळते, तिच्यावर पण धरण आहे. पंधरा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांच्या नदीवर बोलत होतो आणि मेळच बसेना, तो म्हणतोय नागपंचमी, मी म्हणतोय ढेबेवाडीचा बाजार. पुढं एका कामासाठी अकोल्याला गेलो, तिथं शहराच्या मधून नदी वाहते, नाव विचारलं तर मोरणा. ती पूर्णेला मिळते. मग मी विचारायचंच सोडलं. माण नदीचं पण हेच, आपली माणगंगा दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला करत सरकोलीजवळ भीमेला मिळते, आणि बाळापूरची मन वेगळी, पण इंग्रजी नकाशात दोघी सारख्याच लिहिल्या जातात, आणि आमच्याकडं नवीन लागलेल्या एका पोराने तो शब्द वाचून 'म्यान रिव्हर' असं म्हटलं होतं, मीटिंगमध्ये.

इंग्रजी अक्षरांचा हा विषय हसण्यावारी नेऊ नका, सगळ्यात जास्त नावं तिथंच मेलीत. सर्व्हेचे नकाशे इंग्रजीत छापले गेले. आपला हा सगळा भाग सत्तेचाळीस जी ह्या मोठ्या शीटमध्ये येतो, तिचे सोळा तुकडे, एकास पन्नास हजारचे. आता इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ट आणि त एकच. म्हणजे नाव मराठीतून इंग्रजीत गेलं तेव्हा अर्धं गळलं, आणि मग पन्नास वर्षांनी कुणीतरी ऑफिसात बसून तोच इंग्रजी नकाशा समोर ठेवून मराठी बोर्ड रंगवला, तेव्हा उरलेलं अर्धं गेलं. येरळेची येरला झाली. तापोळ्याचं तापोला झालं. सोळशीची सोलशी. कांदाटीची कंदाती. आणि बोर्ड सरकारी निळ्या रंगाचा असला की शिकलेली पोरं तेच बरोबर धरतात, आजोबा म्हणतो ते गावंढळ.

ह्यात मी पण पापी आहे. एका अहवालात मी 'सोलशी' असंच लिहिलं होतं. टाइप करणारी मुलगी नवीन, मी समोर इंग्रजी शीट धरून सांगत गेलो आणि तोंडातून ल च गेला, मग सही करताना पण बघितलं नाही. तो कागद फिरत फिरत एका गावच्या सभेत वाचला गेला, तिथला एक जुना पोलीस पाटील उठला आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, ही सोलशी कुठल्या तालुक्यातली? आमच्यात न्हाई." लोक हसले. मी पण हसलो, पण कान गरम झालेले आठवतात. तेव्हापासून फील्ड बुकमध्ये नाव आधी देवनागरीत, ते पण गावातल्याच कुणाच्या तरी हाताने लिहून घ्यायचं, ही सवय लागली.

उच्चाराचं दुसरं टोक म्हणजे संस्कृत. कोयनेचं पोथीतलं नाव ककुद्मती. गोष्ट अशी की ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, गायत्रीला बसवून यज्ञ उरकला, सावित्री आली, भडकली आणि शाप दिला की सगळे नद्या व्हा. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. गोष्ट छान आहे, मला आवडते, पण ककुद्मती घासून घासून कोयना झाली असं जे काही जण ठासून सांगतात ते मला पटत नाही. क सोडला तर दोघींत काय सारखं आहे? लोकांच्या तोंडात कोयना आधीपासून असणार आणि शास्त्रीबुवांनी तिला नंतर शालू नेसवला असणार, असं मी धरून चालतो. आणि एक बघा, कांदाटी आणि सोळशीला असला शालू कुणी नेसवलाच नाही. तिथपर्यंत कोणी शास्त्री पोचला नाही. त्या दोघी अजून नऊवारी काष्ट्यातच आहेत.

साहेब लोकांनी पण नद्यांना हात लावला नाही, ही एक बरी गोष्ट. महाबळेश्वरला टोकं दिसली की त्यांनी नावं ठेवली, एल्फिन्स्टन, लॉडविक, आर्थर. आर्थर सीटला आधी मढीमहाल म्हणायचे, ते आता कुणाला माहिती नाही. पण खालची नदी कोयना ती कोयनाच राहिली. माझा अंदाज, टोकावर फिरायला जाता येतं, चहा घेता येतो, नदीसाठी खाली उतरून माणसाशी बोलावं लागतं, आणि एकदा माणसाशी बोललं की त्याचं नाव लिहावंच लागतं.

मग मुख्य नदी कुठली आणि उपनदी कुठली हे कोण ठरवतं, असं पण त्याने शेवटी विचारलंय. पुस्तकात तीन मापं असतात. लांबी कुणाची जास्त, पाणलोट कुणाचा मोठा, पाणी कुणाला जास्त. तिन्ही मापं एकाच नदीकडं गेली तर भांडण नाही. गेली नाहीत की परंपरा जिंकते, आणि खरं सांगायचं तर परंपराच जिंकते बहुतेक वेळा. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर जाऊन उभं राहा. साधारण दोन नद्या मिळतात तेव्हा एक तिरकी येऊन दुसरीच्या खांद्याला लागते, कळतं कोण कुणाकडं आली. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन धडकतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. इंग्रजी टी अक्षरासारखं. तिथं उभ्या राहिलेल्या, काही माहीत नसलेल्या माणसाला विचारा पुढं कुणाचं नाव चालवायचं, तो नाणं उडवेल. दोघींचा उगम एकाच पठारावर, पाऊस कोयनेकडं जास्त. पण पुढं नाव कृष्णेचं, कारण कृष्णामाईला वाईचे घाट होते, क्षेत्र माहुली होती, पुढं औदुंबर, नरसोबाची वाडी. कोयनेकडं जंगल होतं. कांदाटीच्या बाबतीत तर हा खटलाच उभा राहत नाही, ती तिन्ही मापांत कोयनेपेक्षा लहान.

तुम्हाला कुणाला अशा आडबाजूच्या नदीचं नाव विचारायला जायचं असेल, आणि हल्ली कॉलेजची पोरं प्रोजेक्टला येतात म्हणून सांगतोय, तर "ह्या नदीचं नाव काय" असं कधी विचारू नका. उत्तर 'नदी' येतं. फार तर 'वरली नदी', आणि तुम्ही वहीत 'वरली' लिहून मोकळे होता. असं विचारा की पलीकडच्या गावचे लोक हिला काय म्हणतात. किंवा, पूर आला आणि एसटी अडकली तर पाव्हण्याला फोनवर काय सांगता, कुठली नदी आडवी आली? तेव्हा खरं नाव तोंडातून पडतं. वरच्या गावात विचारा, मधल्या गावात विचारा, खालच्या गावात विचारा, तीन नावं आली तर तिन्ही लिहा, आणि कुठलं नाव कुठून कुठपर्यंत चालतं ते पण लिहा. एक बरोबर आणि दोन चूक असं करू नका. म्हाताऱ्या बायकांना जरूर विचारा, पुरुष बरेच मुंबईला राहून आलेले असतात आणि बोर्डावरचं नाव सांगतात.

त्या खोऱ्यात हे जास्तच, कारण तिथल्या माणसाचं तोंड दोन्हीकडं आहे. जिल्हा सातारा, पण बाजाराला वरच्या शिंदी-वळवणच्या लोकांना रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड सोपं पडतं, रघुवीर घाट उतरला की खोपी आणि पुढं खेड. साताऱ्याला यायचं तर डोंगर आणि वर धरणाचं पाणी आडवं. त्यामुळं बोलण्यात घाटावरची आणि कोकणातली भेसळ, ओढ्याला कुणी व्हळ म्हणतंय कुणी पऱ्या म्हणतंय, एकाच घरात दोन्ही ऐकलंय मी. चकदेवहून तर पूर्वी लोक शिडीने कोकणात उतरायचे, डोक्यावर ओझं घेऊन. आपण टीव्हीवर बघून ट्रेक म्हणतो, त्यांची ती बाजाराची वाट.

आणि पाण्याची चेष्टा ऐका. कांदाटीचं पाणी पडतं कोकणच्या कड्यावर. तिथून समुद्र दिसायच्या अंतरावर. पण उतार पूर्वेला म्हणून ते पूर्वेला निघतं, कोयना, कृष्णा करत आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं त्याच्या नशिबात लिहिलेलं. मग धरण झालं, आणि शिवसागरातून बोगद्याने पाणी पश्चिमेला वळवून पोफळीला वीज करायला खाली सोडलं. कृष्णा लवादाने त्याचा वर्षाचा कोटा साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिला. वीज करून झालेलं ते पाणी वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणि अरबी समुद्रात. म्हणजे कांदाटीचा थेंब कड्यापासून निघून पन्नास किलोमीटरचा फेरा मारून परत त्याच कड्याखाली कोकणात येतो, आणि तिथं त्याचं नाव वाशिष्ठी असतं. चिपळूणच्या माणसाला सांगून बघा की तू कांदाटी पितोस.

तर लिहायचं कसं, तेवढं सांगून थांबतो. नदी सोळशी, ळ ने. नदी कांदाटी, दा ला काना आणि शेवटी टणक टी, ती नाही. गाव तापोळा. प्रोजेक्टमध्ये लिहिणार असशील तर 'सोळशी (कोयनेची उपनदी, महाबळेश्वर तालुका)' असं तालुक्यासकट लिही, आपण आपल्यापुरती तर्फ लावून टाकायची. संगम बघायचाच असेल तर मे महिन्याच्या शेवटी जा, पाणी खाली गेलेलं असतं, काठाला जोती आणि जुन्या पायवाटा उघड्या पडतात, फाटे अरुंद होतात आणि कुठलं पाणी कुठून येतंय ते बोटीतून पण कळतं. बोटवाला म्हातारा बघून घे, पोरगा नको. त्याला संगम विचारू नकोस, डोह कुठं होता ते विचार. आणि मोबाईलच्या नादाने कोरेगावच्या सोळशीला पोचलाच असशील तर डोंगर चढून ये, जागा चांगली आहे, फक्त बोट मिळणार नाही.